पथ्याची भाजी

"ती शहाळी खाली ठेवा."

अर्धा जिना चढून आलेला तो तरुण जागच्या जागी थबकला. दोन्ही हातांत दोन-दोन शहाळी, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मला म्हणताय?"

"शहाळी घेऊन दुसरं कोण चढतंय इथं?"

जिन्याच्या वळणावर पांढरा कोट घातलेली एक मुलगी वाट अडवून उभी होती. सावळी, बुटकी, केसांची घट्ट वेणी, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी स्वतःचीच चूक शोधावी. कोटावर नावाची पट्टी होती – हर्षाली गवारी, आहार विभाग.

"अहो, वडील डायलिसिसला आलेत वर. आजारी माणसाला शहाळं न्यायचं नाही, तर काय विष न्यायचं?"

"डायलिसिसच्या पेशंटला शहाळं म्हणजे तेच." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमची-माझी किडनी ते बाहेर टाकते. तुमच्या वडिलांची किडनी थकलीय. मग ते रक्तात साठतं आणि एक दिवस हृदयच बंद पाडतं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

हळूच खाली वाकून त्यानं शहाळी पायरीवर ठेवली आणि शेजारीच बसला.

"मागच्या खेपेलाही दिलं होतं मी... माझ्या हातानं पाजलं."

आता मात्र हर्षालीचा सूर उतरला. ती दोन पायऱ्या खाली आली.

"माहीत नव्हतं म्हणून दिलंत. आता माहीत झालं. उठा, मी त्यांना बघते."

तो उठला, पण गेला नाही. एकदा शहाळ्यांकडं, एकदा तिच्याकडं पाहून म्हणाला, "तुमची किडनी चांगली आहे ना?"

"का?"

"नाही... चार आहेत. टाकून देववत नाहीत."

हर्षालीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण हसू ते हसूच, कुठून तरी फुटलंच.

*

नारायणगावच्या हमरस्त्यालगतचं ते हॉस्पिटल हर्षालीनं मुद्दाम मागून घेतलं होतं. पुण्यात ती क्लिनिकल न्यूट्रिशनचं एम.एस्सी. करत होती, दुसरं वर्ष. वर्गातल्या बाकीच्या जणी इंटर्नशिपला पुण्यातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत गेल्या. ही टोमॅटोच्या गाड्यांच्या धुरळ्यात येऊन राहिली. "पुण्यातल्या लोकांना ओट्स खा म्हणून सांगायला पुष्कळ जणी आहेत," असं तिनं सरांना तोंडावर सांगितलं होतं. "बाजरीची भाकरी खाणाऱ्या माणसाचं पथ्य कुणी लिहायचं?"

शहाळीवाला तरुण होता समर्थ वाळुंज, लोणी गावचा. त्याचे वडील हौशीराम. सगळी पंचक्रोशी त्यांना तात्या म्हणायची. लोणीसारख्या कोरड्या शिवारात शेततळं खोदून या माणसानं टोमॅटो पिकवला होता, आणि त्यामुळं आपल्याला कुणी काही शिकवावं हे त्यांना मान्यच नव्हतं.

"टोमॅटो बंद?" तात्या पलंगावर उठून बसले, तशी नर्सनं त्यांचा नळ्या लावलेला हात दाबून धरला. "माझ्या रानातला टोमॅटो पार दिल्लीला जातो, अन् मीच खायचा न्हाय?"

"दिल्लीवाल्यांच्या किडन्या चालू आहेत, तात्या."

"केळी?"

"बंद."

"मटकीची मिसळ?"

"बंद."

"मंग ऱ्हायलं काय? हवा?"

"हवा खा, हवी तेवढी. पाणी मात्र मोजून."

शेजारच्या पलंगावरचे दोघं-तिघं हसले. तात्यांना ते लागलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"कुठली गं तू?"

"आहुप्याची."

"म्हंजे पार डोंगरातली! आता डोंगरातल्या पोरी आमाला जेवाया शिकवणार व्हय?"

हर्षालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य तिनं आश्रमशाळेपासून हॉस्टेलपर्यंत किती वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं! प्रत्येक वेळी मान खाली घालणाऱ्या मैत्रिणीही तिनं पाहिल्या होत्या. तिनं स्टूल ओढलं आणि तात्यांच्या अगदी समोर बसली.

"होय, शिकवणार. डोंगरातली आहे, म्हणून चढ कसा चढायचा ते मला ठाऊक आहे. तुमच्यापुढं आता चढच आहे, तात्या. माझ्या मागून आलात तर वर जाल. नाहीतर बसा पायथ्याला."

वडिलांशी असं बोललेलं माणूस समर्थनं आजवर पाहिलं नव्हतं. तात्यांच्या मिशा हलल्या.

"बाई लई तिखट हाय रं, समर्थ."

"तिखट थोडं चालतं," हर्षाली उठता उठता म्हणाली. "मीठ बंद."

*

अडचण निघाली ती घरी. समर्थच्या आईनं, उज्ज्वलाताईंनी, पथ्याचा कागद वाचून बाजूला सारला. "भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची अन् पाणी वतून द्यायचं? असलं चोथापाणी मी घरच्या धन्याला वाढायची न्हाय!"

दुसऱ्या खेपेला समर्थ हर्षालीच्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. "मला शिकवा."

"काय?"

"स्वयंपाक. आई करणार नाही. मी करीन."

तिनं मान वर करून नीट पाहिलं. औषध फवारून हिरवट झालेली नखं, उन्हानं रापलेला चेहरा. चेष्टा करत नव्हता.

"चहा येतो का करायला?"

"पाणी तापवता येतं."

"उत्तम. सुरुवात पाण्यानंच आहे."

मग तिच्या फोनवर फोटो येऊ लागले. पहिला दुधीचा होता. तिनं उलट विचारलं, 'ही भाजी आहे की भिंतीला लावायची पुट्टी?' दुसऱ्या दिवशी कोबी – त्यात शेंगदाणे दिसले. 'ते बंद आहेत' असं कळवलं, तर अर्ध्या तासानं दाणे वेचून काढलेल्या कोबीचा फोटो आला. डायलिसिस सुरू झालं की अंड्यातलं पांढरं खायला हवं, एवढंच तात्यांना पसंत पडलं होतं. बाकी सगळ्यावर ते रोज नवी शिवी शोधायचे. पण खायचे.

महिन्याभरानं समर्थ डबा घेऊन कँटीनमध्ये आला. तिच्यापुढं ठेवला.

"तात्यांसाठी आहे ना?"

"त्यांनी खाल्लाय. हा तुमच्यासाठी. परीक्षा घ्या."

घोसाळ्याची भाजी होती. लसूण तेलात खमंग झालेला, वरून कोथिंबीर. समर्थ उगाच बोलत राहिला, "टोमॅटो नाही, खोबरं नाही, मीठ नाही. यात चव यायची कशाची?"

"करणाऱ्याची."

बोलून गेली, आणि मग तिलाच कळलं आपण काय बोललो ते. समर्थ टेबलावरच्या पाण्याच्या थेंबातून बोटानं रेघा ओढू लागला.

"मग... कसाय?"

"कोण?"

"भाजी."

हर्षालीनं आणखी एक घास घेतला. सावकाश चावला. त्याचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता, आणि तिला ते फार आवडत होतं.

"बरा आहे," ती म्हणाली.

*

त्या उन्हाळ्यात अवकाळीनं गाठलं. दुपारी हर्षाली एसटी स्टँडकडं निघाली आणि टोमॅटो मार्केटच्या फाटकाशी गारा सुरू झाल्या. लोक सैरावैरा. कुणीतरी तिच्या मनगटाला धरून खस्सकन ओढलं आणि पिकअपच्या ताडपत्रीखाली नेलं. समर्थ होता. भोवती लालभडक टोमॅटोची कॅरेट रचलेली, वर ताडपत्रीवर तडतड ताशा वाजल्यासारखा आवाज, आणि भिजल्या मातीचा, हिरव्या देठांचा वास.

"लागलं का?"

"नाही." तिनं मनगटाकडं पाहिलं. त्यानं अजून धरलंच होतं. त्याच्याही ध्यानात आलं... पण त्यानं सोडलं नाही, फक्त पकड सैल केली. काढायचा तर काढ हात, अशी. तिनं काढला नाही.

"तुम्ही इतकं सगळं बंद सांगितलंत," तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"तुमच्याकडं बघणं."

गारांचा जोर वाढला. हर्षाली टोमॅटोंकडं बघत म्हणाली, "ते... प्रमाणात चालेल."

"प्रमाण कोण ठरवणार?"

"आहार विभाग."

दोघं हसले. मग तिनं हसू आवरलं आणि सरळ त्याच्याकडं वळली. "समर्थराव, एक गोष्ट आधी ऐका. मी महादेव कोळ्यांची, आदिवासी घरातली मुलगी आहे. तुमच्याकडं भावकी आहे, जमीनजुमला आहे, लोक बोलणार. मी ते लपवणार नाही, आणि त्याबद्दल मान खाली घालून तुमच्या दारातही येणार नाही. जमत असेल तर पुढं बोला. नसेल तर पाऊस थांबेपर्यंत टोमॅटोचा भाव सांगा."

"भाव पडलाय," समर्थ म्हणाला. "मी घरी बोलतो."

*

बोलला तो. आणि आठवड्याभरात उज्ज्वलाताई स्वतः हॉस्पिटलात आल्या. नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. मागं समर्थ, चेहरा नुसता फुललेला. तात्या आत मशीनवर होते.

"बस गं, बस." उज्ज्वलाताईंनी तिला बाकावर आपल्याजवळ ओढून घेतलं. "मी आधी न्हाईच म्हणले व्हते, खोटं कशाला बोलू? आमच्यात असलं कधी झालं न्हाई. पण मंग म्या इचार केला – पोरगी शिकलेली हाय, ह्यांना ऐकायला लावती. घरचीच झाली तर बरंच की! चोवीस तास ह्यांच्या पथ्याकडं बघशील. नोकरीची यातायात कशाला? अन् पावण्यारावळ्यांत आहुप्याचं काय काढायचं न्हाई. पुण्याची पोरगी म्हणू. शिकलीस पुण्यातच की."

हर्षालीनं समर्थकडं पाहिलं. वाटलं, आता बोलेल... आता बोलेल.

"बघा," समर्थ हरखून म्हणाला, "आई तयार झाली!"

ती उठली. पेढ्यांचा पुडा तिनं उज्ज्वलाताईंच्या मांडीवर अलगद ठेवला.

"ताई, तुम्ही सून बघायला आला नाहीत. नर्स आणि स्वयंपाकीण, दोन्ही एका मंगळसूत्रात मिळतात का ते बघायला आलात. मी हे शिकले ते या वॉर्डातल्या सगळ्यांसाठी, आणि जे अजून जिन्याखालीच आहेत त्यांच्यासाठी. एका चुलीपुढं बसण्यासाठी नाही. आणि माझं गाव आहुपेच आहे. ते पुसून मला कुठंही जायचं नाही."

"अगं, पण..."

"तात्यांचं पथ्य मी बघत राहीन. ते माझे पेशंट आहेत." मग समर्थला, हळू, "तुम्हाला यातलं काही ऐकूच आलं नाही, ना?"

ती वॉर्डात निघून गेली. पडद्याआड गेल्यावर मात्र तिनं भिंतीला हात टेकला... डोळे पुसले, आणि पुढच्या पलंगावरच्या बाईला विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लं?"

*

इंटर्नशिप संपली. तोंडी परीक्षा झाली. त्याच हॉस्पिटलनं नोकरीवर ये म्हणून सांगितलं. रुजू व्हायच्या आधी ती चार दिवस घरी आली. अंगणात बाळहिरडा वाळत पडला होता आणि तिची आई साळुबाई तो खालीवर करता करता बोलत होती. आली त्या दिवसापासून हेच चाललं होतं.

"एवढं बागायतदाराचं घर चालून आलं, अन् हिनं लाथाडलं. तुला काय राजा पायजे?"

"राजा नको. कान असलेला माणूस हवा."

"आमी कधी असं बोललो न्हाय गं बाई कुणाला. जे पदरी पडलं ते..."

"म्हणून तर मी बोलते, आये."

वडील, जानकू, ओसरीवर विळ्याला मूठ बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "साळू, पोरीला आपणच धाडली शिकाया. मंग ती शिकली म्हणून का रडतीस?"

तेवढ्यात देवराईकडच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

जीपमधून आधी समर्थ उतरला आणि मग, त्याच्या खांद्याला धरत, तात्या. हर्षाली धावत पुढं गेली. इतक्या लांबचा, असला घाटाचा रस्ता!

"काल मशीनवरनं उतारलोय, उद्याला परत हाय," तात्यांनी ती विचारायच्या आधीच सांगितलं. "मधला दिस माझा हाय. जानकूभाऊ, पावणं आलंत. बसा म्हणा."

बसायला घोंगडी आली, पाणी आलं. तात्यांनी दोनच घोट घेतले आणि तांब्या बाजूला ठेवला. साळुबाईनं ते पाहिलं. आत जाऊन तिनं भात चढवला, कालवण केलं, नाचणीच्या भाकरी थापल्या. ताटं आली. आणि तात्यांनी ताट पुढं सरकवून पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

साळुबाईचा चेहरा दगडासारखा झाला.

"आमच्या घरचं चालत न्हाय व्हय, पावणं?"

हर्षाली बोलणार होती. एका वाक्यात उलगडा झाला असता. पण ती थांबली. या घरात आलेल्यानं या घराला काय उत्तर द्यायचं, ते त्यालाच देऊ दे.

"चालत न्हाय," तात्या म्हणाले, "पण तुमच्या घरापायी न्हाय, बाय. माझ्या किडनीपायी. तुमच्या लेकीनंच समदं बंद केलंय, इचारा तिला." मग ते हर्षालीकडं वळले. या वेळी आवाजात हुकूम नव्हता. "ह्या घरचं मला काय चालंल, तेवढं सांग. ते खाल्ल्याबिगर मी उठायचा न्हाय."

हर्षाली ताटाजवळ येऊन बसली. "भात चालेल. आई भातात मीठ घालत नाही."

साळुबाईनं भात वाढला. तात्यांनी त्यावर डब्यातली भाजी घेतली, कालवली, आणि पहिला घास घेऊन मान डोलावली. साळुबाई बघत राहिली. मग न राहवून तिनं डब्यातली चिमूटभर भाजी जिभेवर ठेवली.

"कुणी केली ही?"

"मी," समर्थ म्हणाला.

"अळणी हाय." तिनं आणखी थोडी घेतली. "पर बरी हाय."

"जानकूभाऊ," तात्या घास गिळून म्हणाले, "आमचं पोरगं त्या दिवशी मुक्यावाणी हुबं ऱ्हायलं. मशीनवरनं उतरल्यावर मला कळलं. म्या काय बी बोललो न्हाय. घरी गेल्यावर त्यानंच आईला सांगितलं – बाप माझा हाय, त्याचं पथ्य मी बघीन. ती बघावी म्हणून मी तिला मागत न्हाय. अन् आहुप्याची हाय, तर पत्रिकेवर आहुपंच छापायचं. आता तुमची लेक काय म्हणंल ती म्हणंल. आमी इचाराया आलोय."

जानकूनं विळा खाली ठेवला. "ते तिलाच इचारा. आमच्या हातात न्हाय ती."

*

देवराईच्या कडेला वारा कोकणातून वर चढत होता. दोघं कड्याच्या टोकाशी येऊन थांबले. शेवटी समर्थच म्हणाला, "त्या दिवशी मला खरंच ऐकू आलं नाही. आई हो म्हणाली, एवढंच ऐकलं मी. बाकीचं घरी जाऊन ऐकू आलं... आणि मग झोप लागेना."

"उशिरा ऐकू येतं तुम्हाला."

"येतं पण."

तिनं पायाखालची काटकी मोडली. "मी नोकरी करणार. आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणीची परीक्षा अजून द्यायचीय, लग्नाची घाई नाही. तात्या हॉस्पिटलातच येणार, बाकीच्यांसारखा नंबर लावून."

"लावतील. कुरकुर करतील, पण लावतील."

"आणि आई?"

"ती बोलत नाही माझ्याशी. आजही आली नाही."

"तिची मनधरणी मी करणार नाही. पण मी येईन, समोर बसेन. तिला जे बोलायचंय ते मला तोंडावर बोलू दे. मीही बोलेन."

"भांडण होईल."

"होऊ दे. मागून बोलण्यापेक्षा बरं."

समर्थनं हसून मान हलवली. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "म्हणजे... हो समजू का?"

हर्षालीनं त्याच्याकडं पाहिलं. वाऱ्यानं तिच्या वेणीतून सुटलेली बट गालावर येत होती. त्यानं ती बाजूला करायला हात उचलला, आणि मध्येच अडखळून तसाच ठेवला. तिनंच मग त्याचा तो हात धरला.

"तू ना... फार प्रश्न विचारतोस."

त्यातला 'तू' त्याच्या कानांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. पोचला तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला की तिला बघवेना. ती हसत दरीकडं वळली.

तेवढ्यात ओसरीवरून तात्यांची हाक आली, डोंगराला धडकून परत येईल अशी खणखणीत –

"अगं ए पोरी! भात लई गोड हाय. जरा कालवण घेतलं त्याच्यावर, तर चालंल का?"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले.